'एलेनॉर अँड पार्क' : कुमारवयीन प्रेमकथा आणि घरातील मौन

प्रस्तावना

महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकविले जाते तेव्हा 'यंग अडल्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांचा विचार क्वचितच होतो. विद्यार्थी मात्र त्या वाचत असतात. अकरावी-बारावीत असताना किंवा पदवीच्या पहिल्या वर्षी ज्यांनी आपणहून एखादी इंग्रजी कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली असते, त्यांच्या हाती बहुधा याच प्रकारातील पुस्तक पडलेले असते. अध्यापकाला त्या पुस्तकाचे नाव ठाऊक नसते आणि विद्यार्थ्यालाही ते वर्गात उच्चारण्याजोगे वाटत नाही. 'हलकेफुलके', 'प्रेमाबिमाचे' अशा दोन शब्दांत विषय निकालात निघतो. हा निकाल कितपत योग्य आहे, हे एखादी कादंबरी बारकाईने वाचूनच ठरविता येईल. या दृष्टीने अमेरिकन लेखिका रेनबो रॉवेल यांच्या 'एलेनॉर अँड पार्क' या कादंबरीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ही कादंबरी २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये आणि २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिला २०१३ चा बोस्टन ग्लोब-हॉर्न बुक पुरस्कार मिळाला. पुढील वर्षी कुमार साहित्यासाठी दिल्या जाणाऱ्या मायकेल प्रिन्ट्झ पुरस्काराच्या सन्मानप्राप्त ग्रंथांतही तिचा समावेश झाला. त्याच काळात ती वादात सापडली आणि काही शाळांतून ती काढून टाकण्याची मागणी झाली. पुरस्कार देणाऱ्यांना आणि आक्षेप घेणाऱ्यांना एकाच पुस्तकात दोन वेगळी पुस्तके कशी दिसली, हा प्रश्न अध्यापकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

प्रकाराची पार्श्वभूमी

'यंग अडल्ट' या संज्ञेला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. 'कुमार' आणि 'किशोर' हे शब्द आपल्याकडे रूढ आहेत, परंतु त्यांचा रोख साहसकथा, विज्ञानकथा, चरित्रे यांकडे अधिक आहे. कुमारांनी वाचावयाची प्रेमकथा ही कल्पनाच आपल्या वाङ्मयव्यवहारात अवघडल्यासारखी होते. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) आणीबाणीच्या काळातील नववीच्या मुलाचे प्रेम आणि त्याची फरफट सांगते. मात्र ती प्रौढांची कादंबरी म्हणूनच प्रसिद्ध झाली आणि वाचली गेली. पुढे विद्यार्थ्यांनी ती आपलीशी केली, ही गोष्ट निराळी.

अमेरिकेत या प्रकाराला स्वतंत्र इतिहास आहे. मॉरीन डेली यांची 'सेव्हन्टीन्थ समर' ही कादंबरी १९४२ मध्ये आली. एका उन्हाळ्यापुरते टिकलेले प्रेम सांगणाऱ्या या कादंबरीकडे अभ्यासक या प्रकाराची पूर्वसूरी म्हणून पाहतात. १९६७ मध्ये एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' प्रसिद्ध झाली तेव्हा लेखिका स्वतःच अठरा वर्षांची होती. तिच्यामुळे गरिबी, टोळ्या आणि मोडकी घरे हे विषय या वयाच्या वाचकांसाठी खुले झाले. १९७५ मध्ये जूडी ब्लूम यांची 'फॉरएव्हर' आली. दोन तरुण जीव जवळ येतात आणि तरीही कोणी मरत नाही, अशी गोष्ट मुलीने मागितल्यामुळे ही कादंबरी लिहिली, असे ब्लूम यांनी सांगितले आहे. या मागणीत बरेच काही दडलेले आहे. तोवरच्या कथांतून प्रेम करणाऱ्या मुलीला काहीतरी शिक्षा होणे जवळजवळ अटळ असे. ब्लूम यांनी ती शिक्षा काढून टाकली. पुढे २००५ च्या 'ट्वायलाइट'पासून या प्रकाराचा बाजार अफाट वाढला आणि त्याबरोबर साचेही पक्के झाले.

रॉवेल यांची कादंबरी या बाजारातच आली, पण तिने साचा आतून थोडा उसवला. लेखिका नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथील. तेथील दैनिकात त्यांनी अनेक वर्षे स्तंभलेखन केले होते. कादंबरीचे स्थळही ओमाहा हेच असून काळ १९८६ च्या ऑगस्टपासून पुढील शालेय वर्षाचा आहे. शहरातील गरीब वस्ती, शाळेची बस, गॅरेजमध्ये चालणारे केशकर्तनालय, वाणसामानाचे दुकान एवढ्यातच कथा फिरते. मोबाइलपूर्व काळ निवडल्याचा कथेला मोठा उपयोग झाला आहे. दोघांना एकमेकांशी बोलायचे असेल तर एकत्र बसावे लागते किंवा भिंतीवरच्या टेलिफोनची वाट पाहावी लागते. एलेनॉरच्या घरी तर तोही नाही.

दोन दृष्टी आणि वाचकाचे स्थान

कथानक वरवर पाहता साधे आहे. एलेनॉर डग्लस ही सोळा वर्षांची, अंगाने भरलेली, लालभडक केसांची मुलगी नव्या शाळेत येते. पहिल्या दिवशी बसमध्ये तिला कोणी बसू देत नाही. पार्क शेरिडन हा तिच्याच वयाचा मुलगा वैतागून, शिवी हासडून, तिला आपल्या शेजारी बसायला सांगतो. त्यात दया नाही की धैर्यही नाही. सर्वांचे लक्ष आपल्याकडे वळू नये एवढीच त्याची इच्छा आहे. पार्कची आई कोरियन आहे, वडील गोरे अमेरिकन. सैन्यात असताना त्यांची कोरियात भेट झाली. या वस्तीत तसा चेहरा असलेला मुलगा म्हणजे जवळजवळ तो एकटाच. त्यामुळे कोणाच्या डोळ्यांवर न येता जगणे ही कला त्याने साधली आहे. एलेनॉरला ती साधणे शक्यच नाही.

निवेदन तृतीयपुरुषी असले तरी ते आळीपाळीने पार्क आणि एलेनॉर यांच्या दृष्टीतून चालते. काही वेळा एखादे प्रकरण चार ओळींचे असते, काही वेळा अनेक पानांचे. हे तंत्र नवे नाही. त्याचा उपयोग मात्र लक्षणीय आहे. पार्कला एलेनॉरचे कपडे विचित्र वाटतात. पुरुषी सदरे, ठिगळे, मनगटावर गुंडाळलेल्या चिंध्या पाहून ही मुलगी मुद्दाम लक्ष वेधून घेते, असा त्याचा ग्रह होतो. पुढच्या प्रकरणात वाचक तिच्या घरी जातो आणि तिच्याजवळ दुसरे कपडेच नाहीत हे त्याला कळते. पार्क दूरध्वनी क्रमांक विचारतो, ती उडवाउडवीचे उत्तर देते, तो दुखावतो. एकाचा गैरसमज आणि दुसऱ्याची लाज यांच्या मधोमध वाचक उभा राहतो. त्याला दोन्ही ठाऊक असते आणि तो कोणालाच सांगू शकत नाही. शिक्षकाची वर्गातील स्थिती नेमकी याच्या उलट असते. त्याला फक्त कपडे दिसतात.

प्रेमाची सुरुवातही शब्दांनी होत नाही. पार्क बसमध्ये कॉमिक्स वाचतो. शेजारची मुलगी चोरून वाचते आहे हे त्याच्या लक्षात येते आणि तो पाने सावकाश उलटू लागतो. मग तो तिच्यासाठी अंक आणू लागतो. त्यांत त्याच वर्षी मासिक अंकांच्या रूपाने सुरू झालेले 'वॉचमन'ही आहे. एलेनॉरने आपल्या वहीच्या वेष्टनावर काही गाण्यांची नावे लिहिलेली असतात. ती गाणी तिने ऐकलेली नाहीत, ऐकायची आहेत, एवढेच. पार्क ती कॅसेटवर भरून देतो. कॅसेट वाजविण्यासाठी वॉकमन आणि वॉकमनसाठी बॅटऱ्या हव्यात, म्हणून तो बॅटऱ्याही आणतो. गुलाब, अंगठी, चिठ्ठी या रूढ प्रेमखुणांच्या जागी पेन्सिल-बॅटऱ्या येतात तेव्हा प्रेमाला दारिद्र्याचा संदर्भ आपोआप मिळतो. ज्या मुलीजवळ काहीच नाही तिला काही देणे किती जपून करावे लागते, हे या प्रसंगांत फार सूक्ष्मपणे आले आहे. पहिल्यांदा हात हातात घेण्याच्या प्रसंगाला लेखिकेने जेवढा अवकाश दिला आहे तेवढा इतर कादंबऱ्यांत शारीर मीलनालाही मिळत नाही. हे दोघे पुढेही तिथवर जात नाहीत, थांबतात. आक्षेप घेणाऱ्यांच्या हे फारसे ध्यानात आलेले दिसत नाही.

घर

कादंबरीचा खरा भार मात्र एलेनॉरच्या घरात आहे. आई सब्रिना, सावत्र बाप रिची आणि एलेनॉरसह पाच मुले. पाचही मुले एकाच खोलीत झोपतात. स्वयंपाकघराला लागून असलेल्या न्हाणीघराला दारच नाही, आईने पडदा लावून दिला आहे. म्हणून एलेनॉर रिची कामावरून परतण्याआधी घाईने आंघोळ उरकते. या एका तपशिलात त्या घराविषयी सारे येते. वर्षभरापूर्वी रिचीने तिला घराबाहेर काढले होते आणि ते वर्ष तिने ओळखीच्या कुटुंबाकडे काढले. आता ती परत आली आहे ती उपकाराखाली. आपले धाकटे बहीणभाऊ रिचीला बाबा म्हणू लागले आहेत हे पाहून तिला बसलेला धक्का लेखिकेने फारसे शब्द न वापरता दाखविला आहे.

आईचे चित्रण विशेष विचार करण्याजोगे आहे. ती क्रूर नाही. ती सुंदर आहे, मुलांवर प्रेम करते आणि त्या प्रेमाने काहीही साधत नाही. रिचीचा पारा चढू नये म्हणून घरातील प्रत्येक हालचाल बेतणे हेच तिचे आयुष्य झाले आहे. अशा घरात मौन ही शिकवण असते. शाळेत समुपदेशिका आहे, शिक्षक आहेत आणि तेही बरे आहेत. व्यायामाच्या तासाला मुली एलेनॉरचा छळ करतात, तिचे कपडे शौचकुपात टाकतात, हे त्यांना कळते. पण शाळेतील छळ त्यांना दिसतो म्हणूनच घरातील भय झाकले जाते. अमेरिकेत १९६७ पर्यंत सर्व राज्यांत बालछळाची माहिती कळविण्याविषयी कायदे झाले होते आणि १९७४ मध्ये संघराज्याचा कायदाही आला होता. १९८६ च्या ओमाहात कायदा होता. जिने सांगायचे ती मुलगी सांगत नव्हती, कारण सांगितल्यावर आई आणि भावंडांचे काय होईल याचा हिशोब तिने केलेला होता. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ ने लैंगिक अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळविण्याची जबाबदारी टाकली आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी या कायद्याच्या दृष्टीने बालकच असतात. 'माहिती असणे' म्हणजे काय, ती कशी मिळते आणि का मिळत नाही, यावर ही कादंबरी कायद्याच्या पुस्तकापेक्षा अधिक काही सांगते.

पार्कचे घर याच्या शेजारी ठेवलेले आहे. तेथे आईवडिलांचे एकमेकांवर उघड प्रेम आहे. पण ते घरही आदर्श म्हणून रंगविलेले नाही. मुलाने डोळ्यांत काजळासारखी रेघ ओढली म्हणून वडील संतापतात. गिअरची गाडी त्याला नीट चालविता येत नाही हे त्यांना त्याच्या पुरुषत्वातले न्यून वाटते. आईला आरंभी एलेनॉर मुळीच पसंत नाही. एकदा वाणसामानाच्या दुकानात ती एलेनॉरला आई आणि भावंडांसह पाहते आणि तिला कोरियातील आपले मोठे, ओढगस्तीचे कुटुंब आठवते. तिथून तिचे वागणे बदलते. कुठलेही भाषण न करता घडलेले हे परिवर्तन कादंबरीतील उत्तम प्रसंगांपैकी एक आहे. जिने स्वतः दारिद्र्य पाहिले तिलाच ते ओळखता आले.

वर्गात शेक्सपिअर

इंग्रजीच्या तासाला 'रोमिओ अँड ज्युलिएट' चालू असते. शिक्षक विचारतात तेव्हा एलेनॉर या प्रेमकथेची टर उडविते. तिच्या मते ही दोन श्रीमंत घरची लाडावलेली मुले आहेत आणि नाटककार त्यांची थट्टाच करतो आहे. पार्कचे उत्तर वेगळे येते. तरुण असणे आणि प्रेमात असणे कसे असते हे लोकांना आठवून पाहावेसे वाटते, असे त्याला वाटते. या प्रसंगात लेखिकेने आपल्याच कादंबरीची समीक्षा आधी मांडून ठेवली आहे, असे म्हणता येईल. एलेनॉरचा आक्षेप वर्गीय आहे. प्रेमासाठी मरण्याची चैन ज्यांना परवडते त्यांची ती कथा आहे. एलेनॉरला जगायचे आहे, आणि जगण्यासाठी शेवटी प्रेमापासून दूर जावे लागले तरी तिची तयारी आहे. पार्कचे उत्तर मात्र वाचकाच्या बाजूचे आहे. अध्यापकांनी शेक्सपिअर शिकविताना हा वर्गातला प्रसंग विद्यार्थ्यांसमोर ठेवून पाहण्यास हरकत नाही. नाटकावरची चर्चा नोट्सच्या बाहेर येण्याचा संभव आहे.

मर्यादा

या कादंबरीवर गंभीर आक्षेपही घेतले गेले आहेत आणि ते डावलता येणार नाहीत. 'पार्क' हे कोरियन आडनाव आहे, ते पहिले नाव म्हणून देणे अनेक कोरियन-अमेरिकन वाचकांना खटकले. पार्कचे डोळे, त्याचा वर्ण यांची एलेनॉरच्या दृष्टीतून येणारी वर्णने काही ठिकाणी पौर्वात्य सौंदर्याच्या ठराविक कल्पनांवर विसंबतात. आईचे वर्णन तर चिनी मातीच्या नाजूक बाहुलीसारखे येते. तिची तुटक इंग्रजी विनोदासाठी वापरल्यासारखी वाटते. सोळा वर्षांच्या मुलीची दृष्टी तशीच असणार, असे समर्थन करता येते. परंतु पार्कच्या स्वतःच्या प्रकरणांतूनही कोरियनपणाविषयी त्याला फारसे काही सुचत नाही, तो बहुतेक वेळ स्वतःच्या चेहऱ्याबद्दल नाराज असतो. येथे पात्राचे अज्ञान आणि लेखिकेचे अज्ञान यांत फरक करणे अवघड जाते. दारिद्र्याविषयी रॉवेल जितक्या आतून लिहितात तितक्या वंशाविषयी लिहीत नाहीत. कादंबरीच्या मोठ्या गुणांबरोबर हा दोषही स्वीकारावा लागतो.

मोजलेले शब्द

२०१३ च्या उन्हाळ्यात मिनेसोटा राज्यातील अनोका-हेनेपिन या शाळा-जिल्ह्यातील ग्रंथपालांनी ही कादंबरी सुटीतील ऐच्छिक वाचनासाठी निवडली. लेखिकेला भेटीचे निमंत्रणही गेले. काही पालकांनी पुस्तकातील अपशब्दांची आणि अश्लील उल्लेखांची गणना करून तक्रार नोंदविली. हा आकडा दोनशेच्या वर गेला. भेट रद्द झाली. पुस्तक मात्र पुनर्विचारानंतर शाळेच्या ग्रंथालयात राहिले. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या २०१६ च्या सर्वाधिक आक्षेपार्ह ठरविल्या गेलेल्या दहा पुस्तकांच्या यादीतही भाषेच्या कारणावरून या कादंबरीचे नाव होते.

पालकांनी मोजलेले शब्द पुस्तकात आहेत, हे खरे आहे. ते कोठे आहेत हे पाहिले पाहिजे. एलेनॉरच्या पुस्तकांच्या वेष्टनांवर कोणीतरी घाणेरडी वाक्ये लिहीत असते. शाळेतल्या मुलीच हे करतात अशी तिची आणि वाचकाचीही समजूत असते. शेवटाकडे ती घरी येते तेव्हा जपून ठेवलेल्या खोक्यातील तिच्या साऱ्या वस्तूंची नासधूस झालेली असते आणि सोबत तशाच भाषेतली एक चिठ्ठी असते. त्या क्षणी तिला अक्षर ओळखू येते. ते रिचीचे आहे. इतके दिवस तो तिच्या वह्यापुस्तकांवर लिहीत होता. म्हणजे ज्या शब्दांमुळे पुस्तक मुलांच्या हाती देऊ नये असे वाटले, त्यांतले सर्वांत घाण शब्द हेच कादंबरीतील गुन्ह्याचा पुरावा आहेत. ते गाळले तर एलेनॉर घर सोडून का पळते हे कळणारच नाही. पालकांची काळजी खोटी होती असे नाही. आपल्या मुलांनी काय वाचावे याची चिंता कोणत्याही पालकाला असते. परंतु शब्द मोजताना ते कोण बोलतो आणि कोणाला उद्देशून बोलतो हा साधा प्रश्न सुटून गेला. साहित्याच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकविला जाणारा हा प्रश्न आहे.

शेवट

त्या रात्री एलेनॉर खिडकीतून बाहेर पडते. रिची तिला शोधत फिरत असतो. तिला आसरा देतात ते टिना आणि स्टीव्ह, म्हणजे बसमध्ये आणि शाळेत तिला छळणाऱ्यांतलेच दोघे. लेखिका यावर काही भाष्य करीत नाही आणि ते बरेच आहे. पार्कचे वडील मुलाला गाडीच्या किल्ल्या देतात, तीच गिअरची गाडी, आणि तो एलेनॉरला रात्रभर प्रवास करून सेंट पॉल येथे तिच्या मामाकडे पोहोचवितो. हे शहरही मिनेसोटातच आहे. ज्या राज्यात या नायिकेला आश्रय मिळतो त्याच राज्यातील एका शाळा-जिल्ह्यात तिच्या लेखिकेची भेट रद्द व्हावी, हा विचित्र योगायोग आहे.

प्रेमकथेच्या साच्यानुसार येथून पत्रव्यवहार, विरह आणि पुनर्मीलन यायला हवे. तसे होत नाही. पार्क पत्रे पाठवितो, एलेनॉर ती उघडत नाही. जे नाते सोडून जायचे आहे ते पत्रांतून तोडत बसण्यापेक्षा तिने मौन पत्करले आहे. घरातल्या मौनाहून हे मौन वेगळे आहे, कारण हे तिने स्वतः निवडले आहे. मध्यंतरी पार्कला दिसते की तिच्या जुन्या घरात आई नाही, मुले नाहीत, रिची एकटाच उरला आहे. आईने घर कसे सोडले, केव्हा सोडले, हे कादंबरीत सविस्तर येत नाही. वाचकाला ते रिकाम्या घरावरून ताडावे लागते. बऱ्याच महिन्यांनी पार्कच्या नावे एक पोस्टकार्ड येते. त्यावर फक्त तीन शब्द आहेत. ते कोणते, हे लेखिकेने छापलेले नाही. बहुतेक वाचक एकच उत्तर गृहीत धरतात. पण एलेनॉरला ते वाक्य उच्चारणे पूर्वीही कधी जमले नव्हते, आणि तिच्याजवळ आता सांगण्यासारख्या इतरही गोष्टी होत्या. ती सुखरूप आहे, आई निघाली, भावंडे सोबत आहेत, यांपैकी काहीही त्या कार्डावर मावले असते.